वाऱ्याची रेष

इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेच्या तयारीसाठी आमच्या चित्रकलेच्या सरांनी एका रविवारी स्मरणचित्राला ‘वादळी वाऱ्यात सापडलेला आठवडी बाजार’ असा विषय दिला होता. वर्गातल्या सगळ्यांनी उलट्या झालेल्या छत्र्या काढल्या, एका अंगाला कललेली झाडे काढली, पदर सावरणाऱ्या बायका आणि उडालेल्या टोपीमागे धावणारे म्हातारबाबा काढले. मी हे सगळे काढून झाल्यावर पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये बारीक ब्रश बुडवला, आकाशातून दोन लांब रेषा ओढल्या आणि टोकाशी त्यांना शंखासारखे वळण दिले. सरांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “अगं, वारा दिसत नसतो. वाऱ्याने काय केले ते दिसते. तेवढेच काढायचे.” मी त्या रेषांवर आकाशाचा रंग चढवला. सरांचे म्हणणे परीक्षेपुरते बरोबरच होते, आणि पुढे कितीतरी वर्षे मला ते एरवीही बरोबर वाटत राहिले.

२०१४ च्या डिसेंबरात मी न्यू जर्सीला भावाकडे गेले होते. बाहेर बर्फ पडत होते, सात वर्षांची भाची जमिनीवर मांडी घालून टीव्हीसमोर खेळत होती आणि मी तिच्या मागे चहाचा कप घेऊन बसले होते. पडद्यावर निळा समुद्र होता, एक लाल होडी होती, होडीत हिरव्या टोपीचा, मोठाल्या डोळ्यांचा मुलगा होता. त्या समुद्रावरून एक पांढरी रेष सरसरत आली, मध्येच तिने स्वतःभोवती एक वेटोळे घेतले आणि ती विरून गेली. थोड्या वेळाने दुसरी आली, त्याच दिशेने. “आत्या, वारा उलटा आहे,” भाची म्हणाली, “थांब, मी बदलते,” आणि तिने होडीतल्या मुलाच्या हातात एक छडी दिली, छडीचे तीन हेलकावे घेतले आणि पुढची रेष खरोखरच दुसऱ्या बाजूने आली. मी बुजवलेली रेष मला तिथे सापडली.

तो खेळ ‘द लेजंड ऑफ झेल्डा: द विंड वेकर’ होता. त्याची नवी आवृत्ती आदल्या वर्षी निघाली होती, मूळ खेळ मात्र निन्टेंडो या जपानी कंपनीच्या गेमक्यूब या यंत्रासाठी १३ डिसेंबर २००२ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. पाठ्यपुस्तकांची आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे त्या रेषेने माझा पिच्छा सोडला नाही आणि मी या खेळाचा इतिहास खोदत गेले. व्हिडिओ गेममधले चित्र छायाचित्रासारखे हुबेहूब असावे की व्यंगचित्रासारखे रेखाटलेले असावे, हा वाद ज्या एका खेळावरून सर्वांत कडाक्याने झाला, तो हाच खेळ असल्याचे मला तेव्हा कळले.

हकीगत अशी आहे. ऑगस्ट २००० मध्ये जपानच्या मकुहारी मेस्से या प्रदर्शनगृहात भरलेल्या स्पेसवर्ल्ड या मेळ्यात निन्टेंडोने गेमक्यूबची ताकद दाखवण्यासाठी काही छोटे नमुने दाखवले. त्यांपैकी एकात लिंक हा नायक आणि गॅनॉनडॉर्फ हा त्याचा जुना वैरी समोरासमोर उभे ठाकून तलवारीने लढत होते. काही क्षणांचेच ते दृश्य होते, पण त्यात धातूवर चमक होती, कापडाला वजन होते, चेहरे प्रौढ होते. १९९८ मध्ये या मालिकेचा त्रिमिती अवतार खेळून मोठी झालेली मुले आता पंधरा-सोळा वर्षांची झाली होती आणि आपल्याबरोबर लिंकही मोठा होणार, असे त्यांनी त्या दृश्यावरून धरून चालले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००१ मध्ये, त्याच मेळ्यात प्रत्यक्ष खेळाची पहिली झलक दिसली आणि तिच्यात हा बुटका, मोठ्या डोक्याचा, कार्टूनमधून उतरल्यासारखा लिंक होता. निराशा इतकी झाली की लोकांनी, कार्टूनसारख्या रंगवण्याच्या ‘सेल शेडिंग’ या पद्धतीवरून, झेल्डाचे ‘सेल्डा’ असे नामकरण करून टाकले. खेळाचा दिग्दर्शक एजी आओनुमा आणि त्याचे चित्रकार मात्र आपल्या वाटेवरून हलले नाहीत.

त्या रागावलेल्या मुलांची मला कधीच चीड आली नाही. त्यांना एक चित्र दाखवले गेले होते, त्या चित्राने त्यांना काहीतरी कबूल केले होते आणि नंतर ते कबूल केलेले मिळाले नाही. शिवाय आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, सोप्या रेषेत काढलेले चित्र लहान मुलांसाठी असते ही समजूत फार खोल रुजलेली आहे. मी एखाद्या गोष्टीसाठी म्हशीचे चित्र तीन वक्र रेषांत काढते तेव्हा, त्या तीन रेषांपर्यंत येण्यासाठी आधी तीस म्हशी काढाव्या लागल्या होत्या, हे मला प्रत्येक वेळी सांगावे लागते. कमी रेषा म्हणजे कमी मेहनत आणि कमी वय, असे गणित लोकांच्या मनात पक्के असते.

या खेळात वापरलेली सेल शेडिंगची पद्धत समजून घेतली तर ते गणित मोडते. संगणक एखाद्या वस्तूवर उजेड कसा पडेल हे ठरवताना तिच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू कोणत्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रकाश कोठून येतो आहे, या दोन दिशांमधला कोन मोजतो. कोन लहान असेल तेथे भरपूर उजेड, वाढत जाईल तसा अंधार, आणि त्यामुळे तांब्याच्या लोट्यावर दिसते तशी उजेडातून सावलीत सावकाश उतरत जाणारी छटा तयार होते. सेल शेडिंगमध्येही हीच सगळी आकडेमोड होते, फक्त आलेल्या उत्तराला एक उंबरठा घातलेला असतो. उत्तर उंबरठ्याच्या अलीकडे असेल तर उजळ रंग, पलीकडे असेल तर गडद रंग, मधले काही नाही. ज्यांनी पोस्टर कलरने वस्तुचित्रे रंगवली आहेत त्यांना हे लगेच उमजेल. “छटा आधी वाटीत तयार करा, मग शेजारी शेजारी ठिगळासारख्या बसवा, कागदावर कालवाकालव करू नका,” असे आमचे सर सांगत. कालवाकालव केली की चूक झाकली जाते. ठिगळ बसवायचे तर सावलीची कड नेमकी कोठे पडते, हे चित्रकाराला ठरवावेच लागते. ही युक्ती झेल्डाच्या आधीही वापरली गेली होती, सेगाचा ‘जेट सेट रेडिओ’ २००० मध्येच आला होता, पण ‘विंड वेकर’मध्ये ती रंगवण्याच्या पद्धतीपुरती राहिली नाही. शत्रू पडला की जांभळा-काळा धूर वेटोळी घेत फुटतो, लाटांचा फेस पांढऱ्या रेषांचा आहे, आणि खेळाचा सगळा कारभार ज्याच्यावर चालतो तो वारा डोळ्यांना दिसतो. हुबेहूब चित्रात वारा दाखवायचा तर आमच्या बाजाराप्रमाणे छत्र्या आणि पदर लागतात. उघड्या समुद्रावर, जेथे छत्री नाही की झाड नाही, तेथे होडीतल्या मुलाने वारा कोणीकडून आहे हे कशावरून ओळखायचे?

पण माझे मन खरे वळवले ते लिंकच्या डोळ्यांनी, आणि ते मला भाचीने दाखवले.

ती एका अंधाऱ्या दालनात अडकली होती. दार बंद होते, काय करायचे ते सुचत नव्हते, आणि मी मागून, मोठ्या माणसांना असतो तसल्या आत्मविश्वासाने, कधी हा कोपरा बघ, कधी तो बघ, असे सुचवत होते. ती म्हणाली, “आत्या, मला नको सांगूस, त्याचे डोळे बघ.” तिने लिंकला सावकाश फिरवले. त्याची मान एकीकडे होती, पण बुबुळे हळूच डावीकडे सरकली आणि तेथेच थांबली. तिने त्याला दोन पावले मागे घेतले, पुन्हा पुढे आणले. बुबुळे पुन्हा तेथेच. डाव्या कोनाड्यात, सावलीत, तिला हवी असलेली वस्तू होती. त्या मुलाचे डोळे इतके मोठे का काढले असतील, हा प्रश्न मला आदल्या दिवसापासून पडला होता आणि गोंडस दिसावा म्हणून, असे उत्तर मी मनाशी देऊनही टाकले होते. आता कळले की ते डोळे कामाचे आहेत. जवळपास काही महत्त्वाचे असले की लिंक तिकडे पाहतो, आणि तो पाहतो आहे हे खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सोफ्यावरून कळावे, यासाठी डोळा तेवढाच मोठा हवा. माणसाच्या खऱ्या प्रमाणातला डोळा त्या अंतरावरून पडद्यावर चार-दोन ठिपक्यांचा उरला असता आणि त्यातले बुबुळ कोणीकडे सरकले, हे कोणालाच दिसले नसते.

त्या संध्याकाळपासून मी हा प्रश्न सुंदर-कुरूप किंवा नवे-जुने या अंगाने पाहणे सोडून दिले. वास्तवदर्शी चित्रण लवकर जुने होते आणि कार्टून टिकते, असे नेहमी सांगितले जाते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. २००२ मध्ये हुबेहूब वाटलेले चेहरे आज मेणाचे वाटतात आणि ‘विंड वेकर’चा समुद्र आजही ताजा आहे. परंतु हे काळाने दिलेले उत्तर झाले. खेळणाऱ्याला त्याच क्षणी मिळायला हवे ते उत्तर वेगळे असते. पुस्तकातले चित्र मी पाहते, सिनेमातले दृश्य मी पाहते, पण खेळातल्या चित्रावर मला काहीतरी करायचे असते. त्यात दार असेल तर ते उघडते का, भिंत असेल तर तीवर चढता येते का, पिंप असेल तर ते फुटते का, हे मला चित्रावरूनच ठरवायचे असते. म्हणजे खेळातले प्रत्येक चित्र पाहणाऱ्याला एक शब्द देत असते. तो शब्द खेळाचे नियम पाळतात की नाही, यावर त्या चित्राचे बरेवाईट ठरावे, असे मला वाटते.

हुबेहूब चित्र फार मोठा शब्द देऊन बसते. एखाद्या गल्लीतली प्रत्येक खिडकी, प्रत्येक खोके, प्रत्येक जिना खऱ्यासारखा काढला की यातले सगळे खऱ्यासारखे वागेल, असे मन धरून चालते. प्रत्यक्षात शंभर दारांपैकी दोन उघडतात आणि बाकीची अठ्ठ्याण्णव भिंतीवर चिकटवलेली असतात. मग खेळाडूला ती दोन दारे ओळखता यावीत म्हणून खुणा कराव्या लागतात. गेल्या काही वर्षांत या खुणेला एक रंगच मिळाला आहे, तो म्हणजे पिवळा. २०२३ मध्ये नव्याने घडवलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ मध्ये फुटणाऱ्या पिंपांवर आणि खोक्यांवर पिवळ्या रंगाचे फराटे होते, आणि २०२४ च्या ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’मध्ये डोंगराच्या ज्या कडा पकडून चढता येते त्या कोणीतरी पिवळ्या रंगाची बादली ओतल्यासारख्या रंगवलेल्या होत्या. त्यावरून खेळाडूंमध्ये बरीच खडाजंगी झाली. खेळाडूला इतके हाताला धरून चालवू नये, असे एका बाजूचे म्हणणे होते. खुणा नसतील तर लोक तासन्‌तास भिंती चाचपडत बसतील, असे दुसऱ्या बाजूचे. मला त्या पिवळ्या फराट्यांविषयी राग येत नाही. त्यांत एका चित्रकाराची अडचण मला स्पष्ट दिसते. दगडाची प्रत्येक भेग इतक्या निगुतीने काढल्यावर, त्यातली कोणती भेग हाताला लागते हे सांगण्यासाठी त्याला आपल्याच चित्रावर वरून ब्रश फिरवावा लागला आहे. निवड करायची टाळली म्हणून ती टळत नाही, ती शेवटी अशी ओबडधोबड होऊन परत येते.

स्वीडनच्या डाइस या संस्थेने २००८ मध्ये काढलेल्या ‘मिरर्स एज’मध्ये हीच अडचण आधीच ओळखून सोडवलेली दिसते. तेथील शहर वास्तवदर्शी आहे, पण जवळजवळ सगळे पांढरेशुभ्र, आणि गच्च्यांवरून धावणाऱ्या नायिकेला ज्या नळाचा, फळीचा किंवा दाराचा उपयोग होणार आहे, तेवढ्याच वस्तू लाल होतात. ज्या मुलीचे आयुष्य गच्च्यांवर गेले, तिला शहर तसेच दिसणार. तिचे डोळे निवड करतात आणि आपण तिच्या डोळ्यांनी पाहतो. तेथे लाल रंग चित्राच्या आतून आलेला आहे.

एकमेकांवर नेम धरण्याच्या खेळांत तर या वाचनीयतेला आणखी धार येते. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात अकरावीला आहे आणि तो बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा फोनवरचा लढाईचा खेळ खेळतो. त्या खेळाच्या सेटिंगमध्ये चित्रण किती बारकाईचे हवे आणि कोणत्या धाटणीचे हवे, हे निवडता येते. ‘रिअलिस्टिक’ अशी एक धाटणी तेथे तयार आहे. फोन चांगला असूनही त्याने बारकाई ‘स्मूथ’वर, म्हणजे अगदी खालच्या पातळीवर, आणि धाटणी ‘कलरफुल’वर ठेवली होती. मी कारण विचारले तेव्हा त्याने फोन माझ्या हातात दिला आणि दोन्ही धाटण्या आलटून पालटून दाखवल्या. रिअलिस्टिकमध्ये झाडाखालची सावली, गवत आणि गवतात पडलेला माणूस एकाच मळकट हिरव्या-करड्या रंगात मिसळून गेले होते. कलरफुलमध्ये गवत पोपटी झाले आणि माणूस त्यातून उठून दिसला. “मावशी, सुंदर दिसून काय करू, समोरचा दिसला पाहिजे ना. आणि स्मूथवर गेम अडखळत नाही,” तो म्हणाला. हजारो तासांच्या मेहनतीने रंगवलेले वास्तव तो मुलगा रोज एका बोटाने पुसून टाकतो, आणि त्याच्या जागी त्याला चालवायला योग्य असे चित्र ठेवतो.

त्याला जे खेळताना उमगले तेच व्हॉल्व या कंपनीच्या चित्रकारांनी ‘टीम फोर्ट्रेस २’ घडवताना फार विचारपूर्वक मांडले होते. १९९९ च्या सुमारास हा खेळ पहिल्यांदा जाहीर झाला, तेव्हा तो खऱ्याखुऱ्या सैनिकांचा, खऱ्या गणवेशांचा होता. २००७ मध्ये प्रत्यक्षात आला तो अगदी वेगळ्या रूपात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जे. सी. लायनडेकर, नॉर्मन रॉकवेल अशा अमेरिकन चित्रकारांच्या जाहिराती आणि मुखपृष्ठे समोर ठेवून. त्यामागची कारणे त्यांनी त्याच वर्षी एका शोधनिबंधात सविस्तर दिली आहेत आणि चित्रकलेच्या कोणत्याही विद्यार्थ्याने ती वाचण्यासारखी आहेत. समोरून येणाऱ्या माणसाबद्दल खेळाडूला तीन गोष्टी क्रमाने कळायला हव्यात. तो आपला की परका, नऊ प्रकारच्या लढवय्यांपैकी कोणता, आणि त्याच्या हातात काय आहे. पहिली रंगावरून कळते, एक बाजू तांबूस-उष्ण रंगांची आणि दुसरी निळसर-थंड. दुसरी केवळ आकृतीवरून कळते, सगळे नऊ जण नुसत्या काळ्या सावलीत उभे केले तरी ओळखू यावेत अशा बेताने त्यांच्या शरीरांची प्रमाणे बांधलेली आहेत. तिसरीसाठी अंगावरचे रंग पायांशी गडद ठेवून छातीकडे उजळ आणि ठसठशीत करत नेले आहेत, कारण शस्त्र छातीपाशी धरलेले असते आणि नजर तेथे जायला हवी. आकृतीच्या कडेने उजेडाची बारीक किनार दिली आहे, लायनडेकरच्या चित्रांत असते तशी, म्हणजे पार्श्वभूमी कोणतीही असो, माणूस तिच्यातून सुटा राहतो. इतक्या बारीक हिशेबाने केलेल्या या कामाला ‘कार्टूनसारखे’ म्हणून बाजूला सारणारे लोक भेटले की मला मनापासून वाईट वाटते.

याचा अर्थ वास्तवदर्शी चित्रणाला खेळांत जागाच नाही, असे मी म्हणणार नाही. जेथे खेळाचे नियमच वास्तवाचा बारकावा वाचायला सांगतात, तेथे तो बारकावा हवाच. २०११ चा ‘एल. ए. नॉयर’ हा १९४७ च्या लॉस एंजेलिसमधल्या पोलीस तपासाचा खेळ आहे. त्यात समोर बसलेला माणूस खरे बोलतो की खोटे, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे असते. त्यासाठी नटांचे चेहरे एकाच वेळी ३२ कॅमेऱ्यांनी टिपले होते. आवंढा गिळणे, नजर चुकवणे, ओठांचा कोपरा किंचित ओढला जाणे हे सगळे तेथे पुरावा म्हणून वापरायचे होते, आणि ते कार्टूनच्या दोन रेषांत मावले नसते. शरीराच्या हालचाली मात्र वेगळ्या टिपून नंतर जोडल्या होत्या, त्यामुळे अतिशय जिवंत चेहरा एका किंचित ताठर देहावर बसवल्यासारखा मधूनमधून भासतो. मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञाने १९७० मध्ये असे मांडले होते की माणसासारखी वस्तू माणसाच्या जितकी जवळ येते तितकी ती आपल्याला आवडत जाते, पण अगदी जवळ येऊन थोडक्यात चुकली की ही आवड एकदम दरीत कोसळावी तशी कोसळते आणि अंगावर काटा येतो. त्या दरीच्या काठाने चालण्याचे धाडस या खेळाने कारण असताना केले, म्हणून मला त्याविषयी आदर आहे.

दुसरे उदाहरण २०२० च्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’चे. विमान चालवायला शिकवणाऱ्या खेळात डोंगर डोंगराच्याच जागी हवा. तो खेळ हाती आल्यावर बहुतेक जण करतात तेच मी केले, साताऱ्याकडचे आमचे गाव शोधत गेले. अजिंक्यतारा लांबूनच ओळखू आला, नदीचे वळण ओळखू आले आणि गळा दाटून आला. मग मी विमान खाली आणले. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून संगणकाने स्वतःच उभारलेली घरे तेथे होती, आणि आमच्या देवळाच्या जागी दुपाखी छपराचे एक साधे घर होते. शिखर नाही, दीपमाळ नाही. पृथ्वीचा इंच न्‌ इंच काढण्याची प्रतिज्ञा केलेल्या चित्रालाही अखेर अंदाजाने ठोकताळे बांधावे लागतात. गावातल्या कोणत्याही पोराने पाच रेषांत गावाचे चित्र काढले असते, तर त्यातली पहिली रेष शिखराची असती.

लहानपणी भावाच्या ‘टीव्ही गेम’वर आम्ही जो मारियो खेळत होतो, त्याच्याकडे आता वळून पाहिले की हेच दिसते. मारियो १९८१ मध्ये पहिल्यांदा काढला गेला तेव्हा पडद्यावर त्याच्या वाट्याला इतके थोडे ठिपके होते की त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी केस टाळण्यासाठी टोपी दिली आणि नाक उठून दिसावे, तोंड काढायला लागू नये, म्हणून मिशी दिली. १९८५ च्या ‘सुपर मारियो ब्रदर्स’मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे, एकदा पांढरे आणि एकदा हिरवे. आम्हा भावंडांना ते कितीतरी वर्षे कळले नाही आणि कळल्यावर फसवल्यासारखेही वाटले नाही, कारण ढगाने किंवा झुडपाने आम्हाला कसलाच शब्द दिलेला नव्हता. शब्द दिला होता तो प्रश्नचिन्हाच्या चौकोनाने, आणि त्याने तो प्रत्येक वेळी पाळला.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा ‘राजी’ २०२० मध्ये आला, तेव्हा मी तो या सगळ्या विचारांसकट खेळायला घेतला. रक्षाबंधनाच्या दिवशी असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणारी एक डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, आणि तिच्याभोवती राजस्थानच्या वाड्या-किल्ल्यांवरून बेतलेले प्रचंड महाल. त्या भिंतींचे पोत हाताने रंगवलेले आहेत आणि रंगांची जात पहाडी लघुचित्रांची आहे. कथेचे मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितले आहेत. कॅमेरा लांब आणि उंच ठेवल्यामुळे राजी पडद्यावर इवलीशी दिसते. चित्रकाराच्या नजरेने मला त्यातली भित्तिचित्रे सर्वांत मोलाची वाटली. भिंतीवरच्या चित्राजवळ राजी उभी राहिली की त्यातली देवांची कथा उलगडत जाते. आपल्याकडे देवळाच्या भिंतीवरचे किंवा पोथीतले चित्र नेहमी असेच वाचले गेले आहे, कोणाच्या बोटाने, कोणाच्या आवाजात. त्या लघुचित्रांत पर्वत हुबेहूब नसतो, राजा प्रजेपेक्षा मोठा असतो आणि पावसाच्या रेषा सरळ काढलेल्या असतात. ही परंपरा घरात असताना आपल्या खेळांनी दुसऱ्यांच्या वास्तवाच्या शर्यतीत धावावे, असे मला कधीच वाटले नाही, आणि पुण्यातल्या कोणाला तरी तसेच वाटले, याचा मला फार आनंद झाला.

झेल्डाची गोष्ट मात्र २००२ मध्ये संपली नाही. रागावलेल्या चाहत्यांना हवा तसा, प्रौढ आणि वास्तवाकडे झुकणारा लिंक मे २००४ मध्ये लॉस एंजेलिसच्या मेळ्यात दाखवला गेला, तेव्हा सभागृह अक्षरशः दुमदुमले, आणि ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ २००६ मध्ये आला. तो चांगला खेळ आहे, त्याच्या संधिप्रकाशाचे मला कौतुकही आहे. भाचीच्या हातात मी पाहिली होती ती ‘विंड वेकर’ची नवी आवृत्ती २०१३ मध्ये निघाली. तिच्यात प्रकाश अधिक मऊ केला आहे, पात्रांच्या गालांवर छटा पुन्हा हलकेच मिसळू लागल्या आहेत, आणि मला विचाराल तर ठिगळांची ती जुनी धीट कड त्यात थोडी हरवली आहे. त्यानंतर ३ मार्च २०१७ रोजी ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आला.

हा खेळ मी स्वतः घेतला आणि पहिल्या दिवशी एका कड्यासमोर उभी राहिले. सवयीने मी खूण शोधू लागले. कोठे पिवळा फराटा आहे का, कोठे वेगळ्या रंगाची कपार आहे का. काहीच नव्हते. व्हिडिओ कॉलवर असलेली भाची, आता दहा वर्षांची, म्हणाली, “आत्या, नुसती जा आणि चढ.” मी गेले आणि लिंक चढू लागला. पुढचा कडाही चढता आला, त्यापुढचाही, झाडावरही, घराच्या भिंतीवरही. बळ संपले की हात सुटतो, पाऊस आला की पाय घसरतो, एवढेच. चित्रात जे चढण्यासारखे दिसते ते जवळजवळ सगळे चढता येते, म्हणून खूण करण्याची गरजच पडत नाही. चित्राला नियमापुरते लहान करण्याऐवजी त्यांनी नियमच चित्राएवढा मोठा केला होता. आणि ते चित्र हुबेहूबही नव्हते. लिंकच्या गालावर सावलीची कड पुन्हा स्पष्ट होती, ठिगळासारखी, डोंगर जलरंगात धुतल्यासारखे होते, गवताचे प्रत्येक पाते मात्र खरोखरीच्या गवतासारखे एका लयीत लवत होते. वाऱ्याने काय केले ते सगळे दिसत होते. आमच्या सरांनी शंभरपैकी शंभर दिले असते.

कड्याच्या माथ्यावर पोहोचल्यावर मी लिंकला तेथेच उभे करून फोनचा कॅमेरा टीव्हीकडे वळवला, म्हणजे भाचीलाही दरी दिसावी. आम्ही दोघी काही न बोलता पाहत होतो. गवत लवले, आणि त्याच्यावरून, अगदी फिकट, एक पांढरी रेष गेली.

“आहे,” ती म्हणाली.